न मोजलेला ताप

2019 साली आपल्या देशात हिवतापाचे 3 लाख 38 हजार रुग्ण नोंदले गेले; 2020 साली 1 लाख 86 हजार. कोरोनाच्या त्या काळ्या वर्षात ही एक तरी सुवार्ता, असे कोणास वाटले असल्यास नवल नाही. परंतु त्याच वर्षी हिवतापाच्या रक्ततपासण्या 13 कोटी 42 लाखांवरून 9 कोटी 72 लाखांवर आल्या होत्या. सारी घट खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही, कारण रुग्ण तपासण्यांहून अधिक वेगाने घटले. मात्र खरोखर टळलेला ताप किती आणि न पाहिलेला किती, हे त्या आकड्यांतून वेगळे करता येत नाही.

महाराष्ट्रात उलटेच घडले. 2019 मधील सुमारे 8 हजार 900 रुग्ण 2021 पर्यंत 19 हजारांवर गेले आणि त्यांत मोठा वाटा गडचिरोलीचा होता. त्याच राज्यात डेंग्यूची नोंद मात्र 2020 साली 14 हजार 900 वरून साडेतीन हजारांच्याही खाली आली! डास काही टाळेबंदी पाळत नाहीत. फरक तपासणीच्या पद्धतीत आहे. डेंग्यूच्या सरकारी नोंदीसाठी रक्तनमुना प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. हिवतापाचे निदान कुरखेड्याच्या जंगलपट्ट्यातील आशाताई दारात येऊन, बोटाच्या एका थेंबावर करू शकते. ताप सांगितला तर विलगीकरणात नेतील, या भीतीने दवाखाना टाळणारा माणूसही ओळखीच्या ताईपुढे हात पुढे करतो.

म्हणूनच वाढलेला आकडा पाहून गडचिरोलीला नावे ठेवण्याची घाई आम्हाला अन्यायाची वाटते. जिथे आकडा शून्य आहे, तिथे आधी तपासण्या किती झाल्या हे विचारावे. येथे आढळणारा फॅल्सिपॅरम हिवताप मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार 2020 साली हिवतापाने आदल्या वर्षापेक्षा 69 हजार मृत्यू अधिक झाले. त्यांपैकी सुमारे 47 हजार सेवा विस्कळीत झाल्यामुळे.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. फवारणी कोठे करायची, औषधी मच्छरदाण्या कोणत्या गावाला आधी द्यायच्या, हे दर हजार लोकसंख्येमागे नोंदलेल्या रुग्णांवरून ठरते. ज्या पाड्यावरचा ताप महामारीत वहीत चढलाच नाही, तो पाडा पुढच्या पावसाळ्यात मच्छरदाण्यांच्या यादीतही मागे पडतो.