वालाचं बिरडं आणि कमलाबाईंचे स्फटिक

भातकापणी उरकली तरी रोह्याकडची शेतं रिकामी राहत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात वरसे गावाच्या आसपास भाताच्या खुंटांमधून वालाची रोपं वर येतात. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढणारं हे पीक. जानेवारीत शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लागते आणि शिमग्याच्या सुमारास सुका वाल घरात येतो. पेण-रोह्याच्या वाचकांना वालाची चव सांगायला नको. पण याच वालाच्या दाण्यातलं एक प्रथिन मुंबईच्या प्रयोगशाळेत शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळं काढलं गेलं आणि १९५५ साली 'नेचर' या जगातल्या अग्रगण्य विज्ञान-नियतकालिकात त्याचा शोधनिबंध छापून आला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. निबंधावर नावं होती कमला सोहोनी आणि के. एस. आंबे यांची. वालाबरोबर डबल बीमधलंही तसंच प्रथिन त्यांनी स्फटिकरूपात मिळवलं होतं.

हे प्रथिन करतं काय? आपण खाल्लेल्या डाळीतली, माशातली, दुधातली प्रथिनं आतड्यात जशीच्या तशी शोषली जात नाहीत. त्यांचे तुकडे करावे लागतात. स्वादुपिंडातून येणारं ट्रिप्सिन हे त्या कामातलं मुख्य विकर. वालातलं प्रथिन या ट्रिप्सिनलाच अडवतं, म्हणून त्याला ट्रिप्सिन-रोधक म्हणतात. दाणा खाणाऱ्या किडीचं पचन बिघडावं, यासाठी झाडाने केलेली ही तजवीज आहे. माणसाने कच्चा दाणा खाल्ला तर त्याच्याही पोटात तेच घडतं.

रोधक ट्रिप्सिनला कसा अडवतो, हे समजायला प्रथिनाची रचना पाहावी लागते. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी म्हणजे प्रथिन. कोणत्या क्रमाने कोणतं आम्ल आलं, त्यावर ती साखळी कशी दुमडणार हे ठरतं, आणि दुमडून जो आकार होतो त्यावर तिचं काम ठरतं. ट्रिप्सिनच्या अंगावर एक खाच असते. कापायच्या साखळीतलं लायसिन किंवा आर्जिनिन त्या खाचेत बरोबर बसतं आणि त्याच्या पुढचा जोड तुटतो. रोधकाच्या पृष्ठभागावर एक फास असा पुढे आलेला असतो की तो याच खाचेत जातो आणि घशात माशाचा काटा अडकावा तसा तिथेच राहतो. विकराचं तोंड बंद. वालातला हा रोधक लहानखुरा असतो, पण गंधकाच्या जोडांनी ठिकठिकाणी आवळलेला असल्यामुळे फार चिवट. प्रथिनं तापवली की बहुतेकांची घडी लवकर उसवते. याची लवकर उसवत नाही.

आता प्रथिनाची अशी एकच जात हजारो जातींच्या गर्दीतून वेगळी काढायची कशी? वालाच्या दाण्यात चौथ्या हिश्श्याच्या आसपास प्रथिनं असतात, आणि त्यांतली बहुतांश झाडाने पुढच्या रोपासाठी साठवलेली ग्लोब्युलिनं. ती साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, मिठाच्या पाण्यात विरघळतात. रोधक पाण्यात सहज उतरतो. म्हणजे नुसतं कशात भिजवायचं एवढं ठरवलं तरी निम्मी निवड होते. मग त्या अर्कात अमोनियम सल्फेट थोडं थोडं मिसळत जायचं. हो, भाताला घालतात तेच, फक्त शुद्ध केलेलं. क्षार वाढत गेला की तो पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि एकेक प्रथिन आपापल्या पायरीवर गाळासारखं खाली बसतं. प्रत्येक पायरीचा गाळ वेगळा धरायचा, पुन्हा विरघळवायचा, सेलोफेनच्या पिशवीत भरून वाहत्या पाण्यात लटकवायचा. क्षार पिशवीच्या छिद्रांतून निघून जातो, प्रथिन आत राहतं. दर टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: यात ट्रिप्सिन अडवण्याची ताकद किती उरली? ज्या भागात ती वाढली तो ठेवायचा, बाकीचं सोडून द्यायचं. सोहोनींच्या काळातल्या प्रथिन-प्रयोगशाळांचा कणा हीच कामं होती. शेवटी द्रवातून स्फटिक वाढले की हाती आलेलं प्रथिन बऱ्यापैकी एकजिनसी आहे, असं मानलं जाई.

विकराचा स्फटिक करता येतो हे दाखवणारा पहिला प्रयोगही एका शेंगेच्या दाण्यावरच झाला होता. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी अबईच्या जातीतल्या एका शेंगेच्या पिठातून युरिएज या विकराचे स्फटिक काढले आणि विकर म्हणजे प्रथिन असं ठामपणे मांडलं. वीस वर्षांनी, १९४६ साली, त्यांना नोबेल मिळालं. आधी बऱ्याच मोठ्या माणसांनी त्यांचं म्हणणं धुडकावलं होतं.

धुडकावणं कमलाबाईंच्याही वाट्याला आलं. त्या १९११ साली जन्मलेल्या कमला भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश द्यावा लागला. तिथे श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्यातल्या सायटोक्रोम-सीवर संशोधन केलं आणि १९३९ साली अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर डॉक्टरेट मिळवली. परदेशात राहणं सोपं असताना त्या परत आल्या. दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र विभाग. पुढे त्याच संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण त्यांनी निवडलेल्या विषयांत आहे: कडधान्यं, नीरा, ताडगूळ. गरिबाच्या ताटात जे पडतं, त्याचा कस काय, हे त्यांनी केंब्रिजच्या तोडीच्या काटेकोरपणे तपासलं.

त्या तपासणीकडे पाहिलं की आपल्या बिरड्याची रीत नव्याने कळते. वाल रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं. फडक्यात बांधून मोड आणायचे. कोमट पाण्यात टाकून सोलायचा. मग डाळिंब्या मऊ होईपर्यंत शिजवायच्या. भिजवणीच्या पाण्याबरोबर रोधकाचा काही भाग निघून जातो. मोड येताना दाण्यातली विकरं साठवणीची प्रथिनं मोडायला लागतात, त्यात रोधकही हळूहळू कमी होतो. पण मुख्य काम करते ती ओली आच, म्हणजे पाण्यात किंवा वाफेत नीट शिजणं. कोरडं भाजून तेवढं साधत नाही. म्हणून हल्ली 'कच्चे मोड जास्त पौष्टिक' असा जो सल्ला फिरतो, तो वालाला लावू नका. मूग कच्चा खाणाऱ्यांनी मूग खावा. वाल शिजवूनच खावा.

प्रथिनं वेगळी करणं म्हणजे मोठ्या शहरातल्या बड्या प्रयोगशाळांचं काम, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सिकलसेल आजाराची तपासणी होते, तिचा पक्का निर्णय अशाच विलगीकरणावर लागतो. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की रेणूवरचा विद्युतभार बदलतो. जेलमधून वीज सोडली की सिकलचं हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या मागे राहतं. पट्टी एक आहे की दोन, आणि कोणत्या जागी, यावरून माणूस वाहक आहे की रुग्ण हे कळतं. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतभारातला हा फरक १९४९ साली दाखवला, आणि एखादा आजार रेणूचा आजार असू शकतो हे त्यातूनच सिद्ध झालं. आपल्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनशास्त्र शिकलेली मुलं-मुली काम करतात. क्रोमॅटोग्राफी हा शब्द त्यांच्यापैकी अनेकांना रोजचा आहे. स्तंभातून द्रव सोडायचा आणि घटक आपापल्या वेळेला बाहेर येताना पकडायचे, हेच तंत्र प्रथिनांनाही लागतं.

तरीही आपल्या शाळा-कॉलेजांत प्रथिनाचा प्रयोग म्हटला की बहुधा अंड्यातला पांढरा बलक, बायुरेटचा जांभळा रंग आणि वहीत लिहिलेलं निरीक्षण, एवढ्यावर भागतं. हे मला पटत नाही. ज्या तालुक्यात वाल पिकतो तिथल्या मुलांनी प्रथिनं वालावरच शिकावीत.

खर्चही फार नाही. दुधाच्या भुकटीचं पातळ, गढूळ द्रावण करायचं. त्यात ट्रिप्सिन घातलं की दुधातलं केसीन तुटतं आणि द्रावण निवळत जातं. दुसऱ्या नळीत ट्रिप्सिन आधी कच्च्या वालाच्या अर्कात मिसळून मग दुधात घालायचं. निवळणं मंदावतं किंवा थांबतं. तिसऱ्या नळीसाठी नीट शिजवलेल्या वालाचा अर्क, चौथीसाठी भिजवणीचं फेकायचं पाणी. पाचवीत अमोनियम सल्फेटने खाली बसवलेला गाळ पुन्हा विरघळवून, क्षार काढून घालायचा. घड्याळ लावून प्रत्येक नळीला किती वेळ लागला ते लिहायचं. रचना, कार्य आणि विलगीकरण, तिन्ही धडे एका दुपारी पदरात पडतात, आणि आजी वाल सोलायच्या आधी पाणी का फेकते, याचं उत्तर मुलांना स्वतः मोजून मिळतं.

रोहा-पेणच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे: या हंगामात नवा वाल आला की ओंजळभर प्रयोगशाळेत आणा, हा प्रयोग लावा, आणि प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर कमला सोहोनी हे नाव मुलांकडून लिहून घ्या.