संकासुराचा वध रद्द करा

मराठी विनोदाचा जनक कोण? परीक्षेचं कुठलंही गाईड उघडा, उत्तर तयार आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. पुस्तक ‘सुदाम्याचे पोहे’. लिहा आणि मार्क घ्या.

आता जरा बोटांवर हिशेब करा. कोल्हटकर जन्मले १८७१ साली. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं १८५५ साली. म्हणजे लेकरू सोळा वर्षांचं झालं आणि मग त्याचा बाप जन्माला आला. असले चमत्कार दोनच ठिकाणी होतात. पुराणात आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात.

कोल्हटकरांशी माझं भांडण नाही. त्यांनी स्वतःच्या पांढरपेशा समाजाच्या खुळ्या रूढींची टर उडवली, चांगलं केलं. भांडण यादी लिहिणाऱ्यांशी आहे. त्यांनी जोतीरावांना ‘समाजसुधारक’ या खणात घातलं आणि विनोदाच्या खणाला कुलूप ठोकलं. दुसरं भांडण तुमच्या-माझ्याशी आहे, दोस्तांनो. आपणही ते कुलूप तसंच ठेवलं. फोटो लावला, हार घातला, जयघोष केला. पण हा माणूस हसवता हसवता सोलून काढतो, हे आपल्यातल्या किती जणांनी वाचून पाहिलं?

मी मालवणकडचा. शाळा दहावीला सुटली. आता घाट चढून इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो. तुटलेला धागा सांधायचा, भरलेली बॉबिन काढायची, रिकामी चढवायची. पाळी सुटली की वाचायचं. टीकाशास्त्र शिकवायला मला कुणी आलं नाही. उपहास कसा चालतो, हे मला दोन ठिकाणी समजलं. एक दशावतारात, दुसरं ‘गुलामगिरी’त. आणि दोन्हीकडे माणूस एकच निघाला. संकासूर.

आपल्या सिंधुदुर्गात जत्रा म्हटली की दशावतार आलाच. आख्यानाच्या आधी गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, भट येतो. मग अंगभर काळं घातलेला संकासूर येतो. वेद चोरणारा असुर. देव पुस्तकी मराठी बोलतात, हा आपल्या मालवणीत बोलतो. लिहिलेली संहिता नाही, सुचेल ते बोलतो. भटाची खेचतो, गावातल्या गजाली काढतो, पुढाऱ्याला चिमटा काढतो. सगळा मांडव त्याच्या बाजूने हसतो. आणि मग विष्णू येऊन त्याला मारतो. लोक सावरून बसतात आणि आख्यान सुरू होतं.

माझी आजी सुपं-रोवळ्या विणायची. ती सांगायची, पूर्वी आपल्या माणसांनी लांबून बघायचं. लांबून मुकुट दिसायचे, बोलणं कानावर यायचं नाही. पण संकासूर आला की मांडवातलं हसू तिथवर ऐकू यायचं. म्हणजे बघा. हसू वेशीबाहेर पोचत होतं. त्यातला शब्द पोचत नव्हता.

ही व्यवस्था नीट समजून घ्या. एका रात्रीपुरती जीभ मोकळी सोडायची, पोटभर हसू द्यायचं आणि मग त्या जिभेच्या मालकाला ठार करायचं. हसणाऱ्याला वाटतं, आपण भटाला चांगलं सुनावलं. सकाळी भट देवळात असतो, हसणारा कामावर असतो. जे हसू मोजून-मापून दिलं जातं आणि वेळेवर परत घेतलं जातं, त्याने कुणाचंही सिंहासन हलत नाही.

जोतीरावांनी १८७३ साली काय केलं? ‘गुलामगिरी’चा दुसरा भाग काढा. त्याचं नावच ‘मत्स्य आणि शंखासूर’. तोच आपला संकासूर. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. मासा अंडी घालतो, बाई पोर जन्माला घालते. मग माशाच्या पोटी माणूस आला कसा? पाण्यातलं ते अंडं फोडलं कुणी? पोर काठावर आणलं कुणी? हा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावर रापणीच्या गड्याला विचारून बघा. आधी हसेल, मग गप्प होईल. कारण पुराण आता त्याच्या धंद्यात आलं आहे, आणि मासा त्याला भटापेक्षा जास्त कळतो. मग जोतीराव सांगतात, शंखासूर चोर नव्हता, एका मुलखाचा धनी होता. होड्यांतून आलेल्या टोळीच्या म्होरक्याने त्याला मारून त्याचं राज्य घेतलं. जत्रेत रात्री ज्याला मारलं जातं त्याचा पंचनामा जोतीरावांनी नव्याने केला.

उपहासाचं पहिलं काम हे. समोरच्याचा दावा खोटा म्हणून ओरडायचं नाही. दावा खरा धरायचा आणि त्याला घरगुती प्रश्न विचारायचे. ब्रह्मदेवाच्या तोंडातून, हातातून, मांडीतून, पायातून चार वर्ण जन्मले? बरं. मग जन्म देणाऱ्या त्या चारही जागी बाईसारखा विटाळ आला असेल. तो किती दिवस बाजूला बसला? तेवढ्यात त्याचं घर कुणी सांभाळलं? हा प्रश्न चावट वाटतो, पण चावट आपण नाही. विटाळाचा कायदा त्यांनी बायकांना आणि आपल्याला लावला. जोतीरावांनी तो फक्त कायदा करणाऱ्याला लावून दाखवला.

दुसरं काम, जाब मागायचा. आपलं कोकण म्हणे परशुरामाची भूमी. त्याने समुद्र मागे हटवून काढली. आणि तो चिरंजीव, म्हणजे मेलेलाच नाही. ठीक. मेला नसेल तर कुठेतरी असेलच. जोतीरावांनी त्याला चक्क नोटीस काढली, सहा महिन्यांच्या आत हजर हो. ‘गुलामगिरी’त महार म्हणजे महाअरी, परशुरामाशी पुन्हा पुन्हा लढलेले मोठे शत्रू. त्यांची ही दशा केली त्याचा जाब द्यायला आरोपीला बोलावणं धाडलं. दीडशे वर्षं उलटून गेली. आरोपी हजर नाही. हसू येतं ना? हसा. पण हसता हसता एक लक्षात घ्या. ज्याच्या नावाने भीती घातली जाते त्याला तारीख देता येते, हे त्या नोटिशीने शिकवलं.

भीती गेली की पुढचं काम सोपं होतं. परशुरामाने भूमी काढली, तर मधे खोत कुठून उगवला? मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होतं. त्या जुन्या जिल्ह्यात खोतीने कुळांना पिळून खाल्लं. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं बिल मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. तिथे विनोद नव्हता, कायदा आणि पाय होते. पण ज्या माणसाला खोत देवाचा माणूस वाटतो तो मोर्चात येत नाही. आधी कुणीतरी त्या देवपणाला हसावं लागतं.

आता कोकणी विनोदाचे जे ग्रंथ शोकेसमध्ये असतात ते बघा. पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ चं. त्यातला रत्नागिरीचा अंतू बर्वा सगळ्या जगाला टोचून बोलतो. त्याची गरिबी, त्याचं एकटेपण वाचून मीसुद्धा हललो. जयवंत दळव्यांचं ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ चं, आपल्या आरवलीच्या मातीतलं. नमुनेदार माणसं, हसता हसता डोळे भरतात. मी ही पुस्तकं फेकून द्या म्हणत नाही. वाचा. पण वाचताना एक प्रश्न खिशात ठेवा. हे हसू कुणाच्या स्वभावावर आहे, की कुणाच्या सत्तेवर? स्वभावावरचं हसू माणसाला गोड करतं. गाव गोड होतं, गरिबी गोड होते, खवचटपणा गोड होतो. आणि गोड गावात वेस दिसत नाही.

गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मालवणीला मुंबईच्या रंगभूमीवर नेलं. पाच हजारांच्या वर प्रयोग झाले. द्रौपदी आणि कौरव आपल्या बोलीत भांडले, महाभारताचं सोवळं सुटलं. मोठं काम झालं. पण देवांचे मुकुट उतरले तरी गावची वेस जागेवरच राहिली. आता मोबाईलवर मालवणी विनोदाच्या रील धो धो वाहतात. खेडवळ नवरा, भांडकुदळ बायको, दारूडा. हसून हसून मुरकुंडी. यात सत्तेच्या केसालाही धक्का नाही.

उलटं उदाहरण सांगतो. अमेरिकेत जॉर्ज शुयलर नावाच्या काळ्या लेखकाने १९३१ साली ‘ब्लॅक नो मोअर’ ही कादंबरी लिहिली. एक डॉक्टर काळ्यांना गोरं करायची युक्ती काढतो. सगळे धावतात. देश गोंधळतो, कारण आता हिणवायचं कुणाला? शेवटी कळतं की नवे गोरे जुन्यांपेक्षाही जास्त गोरे आहेत. मग फार गोरं असणंच संशयाचं ठरतं आणि लोक कातडी काळवंडून घ्यायला लागतात. रंग बदलला, उतरंड तशीच उभी. आपल्यातले जे शहरात जाऊन आडनाव बदलतात त्यांनी हे पुस्तक वाचावं. आणि ज्यांच्यामुळे त्यांना बदलावं लागतं त्यांनी दोनदा वाचावं.

आपल्या धंद्यातलं बघा. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होईल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. पण रिंग खात्यात, जिथे सूत निघतं, तिथे आपले हात चालत होते. म्हणजे सुताला विटाळ नाही, त्याच सुताच्या धोट्याला विटाळ. आणि कापड झालं की ते देवाच्या अंगावरही चालतं. यात मी एक शब्द पदरचा घातलेला नाही. फक्त त्यांचाच नियम ओळीने मांडला. हाच उपहास.

आता आपल्या मंडळींचं. गेल्या जयंतीसाठी मी मालवणीत एक छोटा वग लिहून दिला होता. त्यात संकासूर मरत नाही. तो भटाला म्हणतो, ‘‘अरे भटा, वेद चोरून मी काय करतलंय? माका वाचूक खय येता? तुमी कधी शिकूक दिलास?’’ एवढंच. वग परत आला. कारण सांगितलं, बाबासाहेबांच्या जयंतीला फाजीलपणा नको. इतकी वर्षं लोक आपल्यावर हसले, आता आपणच हसायचं काय?

या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. लोक आपल्यावर हसले ते आपल्या अंगावर, भाषेवर, खाण्यावर. ते वरून खाली थुंकणं होतं. आपण हसायचं ते माणसाच्या अंगावर नाही, त्याच्या दाव्यावर. भटाच्या पोटावर हसलो तर आपण त्याच्याच शाळेचे. त्याच्या पोथीला प्रश्न विचारला तर जोतीरावांच्या.

आणि बाबासाहेबांना हे वावडं होतं असं कोण म्हणतो? ‘रिडल्स इन हिंदुइझम’ वाचा. पानोपानी सरळ, थंड प्रश्न. म्हणून तर १९८७ साली शासनाने ते छापल्यावर वादळ उठलं आणि १९८८ साली त्या पुस्तकासाठी आपल्या माणसांना मुंबईच्या रस्त्यावर उतरावं लागलं. भीमराव कर्डकांच्या जलशांनी वगातून, गाण्यातून चळवळ खेड्यात नेली, तेव्हा लोक काय फक्त रडत होते?

आणखी एक अडचण काढतात. जोतीरावांचा होड्यांचा इतिहास आज टिकत नाही म्हणतात. बाबासाहेबांनीही ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या १९४६ च्या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत खोडून काढला. आणि तोच ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. हे समजून घ्या. इतिहास दुरुस्त करता येतो. प्रश्न विचारायची ती रीत दुरुस्त करावी लागत नाही, चालवावी लागते.

‘तृतीय रत्न’मध्ये जोशी एका गरोदर कुणबीणीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो आणि विदूषक मधे मधे त्याचं बिंग फोडतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा बामण मित्र असायचा, राजाच्या ताटातलं खायचा. जोतीरावांनी त्याला राजवाड्यातून काढून कुणब्याच्या अंगणात उभा केला. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं. छापून यायला शंभराहून जास्त वर्षं गेली. कमिट्या आपलं काम चोख करतात. तेव्हाही, आताही.

म्हणून सांगतो. येत्या जयंतीला भाषणं दोन कमी करा. प्रत्येक वाडीत एक संकासूर उभा करा. त्याला मालवणी बोलू द्या. त्याने पोथीला विचारावं, सरपंचाला विचारावं, पाणवठ्याचं विचारावं, आणि आपल्या गटातटांच्या पुढाऱ्यांनाही विचारावं, एका निळ्या झेंड्याचे इतके तुकडे कुठच्या शिंप्याने केले? आपल्याला टोचेल. टोचू द्या. जो उपहास फक्त दुसऱ्याला टोचतो तो शिवी असतो.

एक अट मात्र पाळा. विष्णू आला तर त्याला रांगेत बसवा. संकासुराचे प्रश्न संपेपर्यंत वध होणार नाही.