शंकरपट आणि तुतारी

वणीकडे शंकरपटाच्या निकालाचे सेकंद सारेच मोजतात. जोडीमागचे महिने कोणी मोजीत नाही. वस्तुतः पट गोठ्यातच जिंकला जातो. सरकीच्या ढेपेचा बेताचा खुराक, नित्याचा सराव, हलका छकडा आणि मानेस न काचणारे जू, यांवर वेग ठरतो. ही तयारी ज्याने टाळली, त्यालाच तुतारीची आर आठवते!

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेल्या बंदीनंतर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली; २०२३ मध्ये महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरला. बैलास टोचणे, मारणे त्यात निषिद्ध आहे. पंचांनी डोळेझाक केली, तर ही परवानगी पुन्हा धोक्यात येईल आणि त्याची झळ प्रामाणिक कास्तकारासही बसेल. आर लावलेली जोडी जागीच बाद करावी, मग तिचा मालक गावचा पुढारी का असेना.