जंग किती लावायचा?

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्याकडे एकच तक्रार येते : मुले मोबाईल सोडत नाहीत, त्यांच्या हाताला काहीतरी काम सांगा. या खेपेस एक काम सांगतो. त्याला पैसे फार लागत नाहीत; वेळ लागतो, आणि घरातले किंवा मोहल्ल्यातले एखादे वयस्क माणूस लागते. काम असे की, शकुंतला रेल्वेची एक वाघीण बनवायची.

वाघीण म्हणताच आमचा सातवीचा वर्ग खो खो हसला. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. शकुंतला तरी किती जणांना ठाऊक होती? आजी-आजोबांच्या तोंडून नाव ऐकलेले, एवढेच. पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी ही सुमारे १९० किलोमीटरची नॅरोगेज लाइन. किलिक-निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने ती उभारली, वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते, मग डिझेल आले. मूर्तिजापूरहून निघालेली गाडी दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करीत अचलपूरला पोहोचायला सुमारे चार तास घेई. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. आता ती गाडी धावत नाही. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या; पण आज पंधरा वर्षांच्या आत असलेल्या मुलाला तो लहान रूळ म्हणजे गवतात बुडालेले लोखंड, यापलीकडे काही दिसत नाही.

परदेशात अशा छोट्या गाड्यांचे तयार किट मिळतात, पण ते बहुतेक तिकडच्याच गाड्यांचे असतात. कोणी वेल्सची गाडी जोडतो, कोणी ऑस्ट्रियाची. एक गंमत मात्र आहे. ऑस्ट्रियातल्या कित्येक छोट्या लाइनींचे रूळ ७६० मिलिमीटर अंतरावर असतात आणि आपल्या शकुंतलेचे ७६२ वर. म्हणजे ज्याला हौस आणि ऐपत आहे, त्याने ऑस्ट्रियन गाडीचा ९ मिलिमीटर रुळाचा चाकाडा आणून त्यावर वऱ्हाडी वाघीण बसवली तर माप चुकत नाही. आमच्यासारख्यांनी पुठ्ठ्यावर काम भागवावे.

पहिला प्रश्न पैमान्याचा. मराठीच्या तासाला आम्ही त्याला प्रमाण म्हणतो, उर्दूच्या तासाला पैमाना. गणिताच्या सरांच्या लेखी दोन्ही एकच. मूळ वस्तू २४ पट लहान करायची असे ठरवले की ७६२ मिलिमीटरचा रूळ जवळजवळ बरोबर ३२ मिलिमीटरचा होतो, आणि पावणेसहा फुटांचा माणूस सव्वासात सेंटिमीटरचा. हे माप मुलांच्या बोटांना झेपते.

वाघिणीची मापे कुठून आणायची? ज्यांना नागपूर जवळ आहे त्यांनी मोतीबागचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाठावे. ते २००२ साली सुरू झाले. नागपूरकडची छोटी लाइनही ७६२ मिलिमीटरचीच होती, त्यामुळे तिथले सामान आपल्या गाडीचे सख्खे नसले तरी चुलत भावंड नक्कीच आहे. ज्यांना जाणे जमत नाही त्यांनी घरातला जुना फोटो काढावा. समोरून घेतलेल्या फोटोत वाघिणीखालचे रूळ दिसत असतील तर मोजपट्टी त्यातच आहे. समजा फोटोत दोन रुळांमधले अंतर अडीच सेंटिमीटर भरले आणि वाघिणीची रुंदी सात. सातला अडीचने भागा, ७६२ ने गुणा. २१३४ मिलिमीटर, म्हणजे सात फूट. ते २४ ने भागले की पुठ्ठ्यावर ८९ मिलिमीटर. हे गणित आमच्या वर्गातल्या एका मुलीने फळ्यावर केले आणि स्वतःच विचारले, की गाडी रुळांच्या पावणेतीन पट रुंद कशी? पडत कशी नाही? नॅरोगेजचे रूपच तसे. ब्रॉडगेजची वाघीण रुळांच्या दुप्पटही रुंद नसते, ही मात्र लहान पायांवर मोठा हारा घेतलेल्या बाईसारखी चालते. ते डौलाचे रूप मॉडेलमध्ये आले नाही तर बाकी सगळे बरोबर करूनही ती शकुंतला वाटणार नाही.

बनवण्याचे सामान घरातच असते. लग्नपत्रिकांचा जाड कागद वरच्या पत्र्यासाठी, वह्यांचा पुठ्ठा आतल्या सांगाड्यासाठी, फळ्यांच्या रेघा काढायला शाई संपलेले बॉलपेन. पत्र्यावरच्या रिवेटच्या रांगा उठवायला शिवणकामातले दातेरी चाक, ज्याने अम्मी कापडावर खुणा करतात, त्याच्याइतके दुसरे हत्यार नाही. कागद पालथा ठेवून पट्टीच्या धारेने एकदा फिरवले की पलीकडून ठिपक्यांची रांग वर येते. दोन्ही टोकांना मधोमध एकेकच बफर लावा. मोठ्या लाइनीसारखे दोन-दोन लावू नका, ही चूक हटकून होते. आणि तळाशी चार-सहा नाणी चिकटवा. रिकामा पुठ्ठा पंख्याच्या वाऱ्यानेही घसरतो.

इथवर सगळे सोपे. खरा प्रश्न रंगाचा, कारण नवी कोरी वाघीण कोणालाच खरी वाटत नाही. ती वापरलेली, उन्हापावसातली दिसली पाहिजे. मुलांना हा भाग सर्वांत आवडतो. आधी कागदावर पातळ फेव्हिकॉलचा हात देऊन तो वाळवा. त्यावर गेरू आणि काळा मिसळून गंजाचा रंग द्या. तो वाळला की खालच्या कडांना, दाराच्या पट्ट्यांना, जिथे पाणी साचते तिथे, ओल्या ब्रशने टिपून जाडे मीठ भुरभुरा. मीठ सुकल्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या रेड ऑक्साइडच्या स्प्रेचा हलका थर. हे काम मोठ्या माणसाने, गच्चीवर, नाकाला कपडा बांधून करावे. तासाभराने जुन्या टूथब्रशने मीठ झाडले की रंगाचे पोपडे उडून खालचा गंज उघडा पडतो. वर्गात मीठ झाडताना पोरांनी जो आवाज केला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला.

लाकडी तक्त्यांसाठी दुसरी रीत. आइस्क्रीमच्या काड्यांना कडक चहाचे पाणी लावा. साध्या लोखंडी तारेची घासणी दोन दिवस व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा, पण स्टेनलेसची नको. ते पाणी काड्यांवर फिरवा. लाकूड डोळ्यांदेखत राखाडी होते. हिरडा आणि लोखंड यांच्यापासून काळा रंग काढणाऱ्या रंगाऱ्यांची विद्या हीच. शेवटी शेतातली काळी माती ओढणीतून चाळून चाकांच्या बाजूला कोरड्या ब्रशने लावा. बाजारातली तयार पावडर घेऊ नका, वऱ्हाडची धूळ वऱ्हाडात फुकट मिळते.

आमच्या मुलांनी एवढे सगळे केले आणि वाघीण गंजाने भरून टाकली. सुरेख दिसत होती. मग एका विद्यार्थिनीचे नाना शाळेत आले. तरुणपणी त्यांनी मूर्तिजापूरला मालाची चढउतार केलेली. छोट्या गाडीतली कापसाची गाठ तिथे उतरवून मोठ्या लाइनीच्या वाघिणीत चढवावी लागे, रुळांचे माप वेगळे म्हणून. एक गाठ म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या आतबाहेर. नानांनी वाघीण हातात घेतली, उलटी केली, चाके पाहिली आणि म्हणाले, "इतना जंग कायको लगाया? चलती गाडी के चक्के को जंग नै लगता."

गोष्ट साधी आहे, पण तिने आमचे सगळे काम फिरवले. धावणाऱ्या गाडीच्या चाकाची जी पट्टी रुळावर टेकते ती सतत घासून चांदीसारखी चकाकत असते. गाडी काही दिवस उभी राहिली की तीच पट्टी लाल होते. मुलांनी पाहिलेले लोखंड उभे राहिलेले होते, म्हणून त्यांनी उभी वाघीण बनवली. नानांच्या डोळ्यांसमोर धावती होती. ते सांगत गेले आणि मुले वहीत लिहीत गेली : दाराचा कडा हात लागून लागून गुळगुळीत, उंबऱ्याची फळी गाठी ओढून झिजलेली, दाराच्या खाचेत कापसाचे तंतू अडकलेले. वाफेचे इंजिन होते तोवर छतावर काजळी, बाजूंना मात्र ती कमी. यातले काहीही आज यार्डात जाऊन दिसणार नाही. फोटोतही कदाचित नाही, कारण फोटो काढणारे इंजिनाचा काढतात.

म्हणून आमचे म्हणणे असे, की रंगाची बाटली उघडण्यापूर्वी वर्ष ठरवा. १९७५ ची वाघीण करायची तर चाकाच्या पट्टीवर पेन्सिलीचे शिसे घासून चमक आणा, गंज फक्त पाणी साचते तिथे, छतावर कोळशाची पूड, बाजूला पांढऱ्या रंगात मध्य रेल्वेचे "म रे". आजची करायची तर हवा तेवढा गंज लावा, चाकांना लागलेले गवत दाखवा. तेही खरेच आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. दोन्हींची खिचडी तेवढी नको. मात्र आजची वाघीण पुढच्या वर्षी केली तरी चालेल, १९७५ ची थांबणार नाही. ती सांगणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत. तिकीट गार्डकडून घेतलेले कोणी असेल, लाइनीवर मजुरी केलेले कोणी असेल. कारंज्यात, दारव्ह्यात, अंजनगावात अजून आहेत. त्यांना "कशी होती?" असे मोघम विचारू नका, हातात अर्धवट वाघीण द्या आणि "काय चुकले?" असे विचारा. माणसे चूक दाखवताना भरभरून बोलतात.

मुलांनी दुसरी वाघीण करायला घेतली आहे. कापसाचे तंतू खऱ्या सरकीच्या कापसाचे लावायचे की कापडी पट्टीतले, यावर सध्या वाद चालू आहे. पट्टीतला कापूस फार पांढरा असतो, हे आमचे मत. तयार वाघीण पावसाळ्यात बंद डब्यात ठेवा, नाहीतर पुठ्ठा ओल धरतो. आणि मोतीबागला जाणार असाल तर मोजपट्टीबरोबर एक वहीही न्या.