विश्लेषण : स्पार्टाचे ‘३००’ सगळ्यांना ठाऊक, मग ‘थ्री’मधले ते तिघे कोण?

स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याच्या ३०० योद्ध्यांची गोष्ट आज जगभर ज्या रूपात ओळखली जाते, ते रूप एका कॉमिकने घडवले आहे. पण स्पार्टात या योद्ध्यांपेक्षा संख्येने कितीतरी मोठा असा एक समाज होता आणि त्या गाजलेल्या कॉमिकमध्ये त्याला जागाच नाही. या समाजाचे नाव हेलॉट. २०१३ मध्ये आलेल्या ‘थ्री’ या पाच अंकी कॉमिक मालिकेने याच समाजातल्या तिघांना कथेच्या केंद्रस्थानी आणले. ‘थ्री’ला ‘३००’सारखी प्रसिद्धी मिळाली नाही. तरीही ज्यांनी ‘३००’ वाचले किंवा पाहिले आहे, त्यांनी ‘थ्री’ वाचणे का गरजेचे आहे, त्याविषयी…

‘३००’ हे कॉमिक काय आहे?

अमेरिकी लेखक-चित्रकार फ्रँक मिलर यांची ही मालिका १९९८ मध्ये डार्क हॉर्स कॉमिक्सने पाच अंकांत प्रसिद्ध केली. रंगकाम लिन व्हार्ली यांचे होते. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चित्र, अशी तिची रचना असल्यामुळे नंतरचे पुस्तक आडव्या, रुंद आकारात निघाले. मालिकेला कॉमिक्स क्षेत्रातले मानाचे आयस्नर पुरस्कार मिळाले. मिलर यांनी लहानपणी पाहिलेला ‘द ३०० स्पार्टन्स’ हा १९६२ चा चित्रपट ही त्यामागची प्रेरणा होती. २००६ मध्ये झॅक स्नायडर यांनी या कॉमिकवर चित्रपट काढला. त्यातली अनेक दृश्ये कॉमिकच्या चौकटींवरून जशीच्या तशी उचललेली आहेत. ‘धिस इज स्पार्टा’ हे मीम त्याच चित्रपटातले.

गोष्ट इ.स.पू. ४८० मधली. पर्शियाचा सम्राट झर्क्सिस प्रचंड सैन्य घेऊन ग्रीसवर चालून येतो. थर्मोपायलीच्या चिंचोळ्या वाटेवर लिओनिडास त्याला अडवतो. फितुरीमुळे शत्रूला डोंगरातली आडवाट कळते आणि स्पार्टाचे योद्धे लढता लढता मरतात. चित्रकला म्हणून हे काम जबरदस्त आहे, यात वाद नाही. अडचण वेगळीच आहे. हे युद्ध ‘स्वतंत्र माणसे विरुद्ध गुलाम’ असे रंगवले आहे आणि स्वातंत्र्याचा झेंडा दिला आहे स्पार्टाच्या हाती.

आकड्यांचा हिशेब काय सांगतो?

या लढाईची सर्वांत जुनी सविस्तर हकीकत ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने लिहिली. त्याच्या हिशेबाप्रमाणे थर्मोपायलीला वेगवेगळ्या ग्रीक राज्यांचे पाच हजारांहून जास्त सैनिक जमले होते. शेवटच्या दिवशी बहुतेक तुकड्या परत गेल्या, तेव्हा ३०० स्पार्टनांसोबत थेस्पिया या छोट्या नगराचे ७०० आणि थीब्जचे ४०० सैनिक मागे थांबले. म्हणजे बेरीज १४००. थेस्पियाचे लोक तर स्पार्टनांच्या दुपटीहून अधिक होते आणि तेही तिथेच मेले. आकडा मात्र लोकांच्या लक्षात राहिला तो ३००.

या १४०० मध्येही हेलॉट धरलेले नाहीत. ते तिथे होते, हे हिरोडोटसच सांगतो. लढाईनंतर रणभूमीवरचे मृतदेह पाहायला आलेल्यांना वाटले, की हे सगळे स्पार्टाचे आणि थेस्पियाचेच लोक आहेत. प्रत्यक्षात त्यांत हेलॉटही होते, अशी त्याची नोंद आहे. आणखी एक प्रसंग तो सांगतो. युरिटस नावाच्या स्पार्टनाला डोळ्यांच्या आजारामुळे दिसत नव्हते. त्याने आपल्या हेलॉटला हुकूम केला, की मला हाताला धरून लढाईत ने. हेलॉटने त्याला नेले आणि मग तिथून पळ काढला. युरिटस मारला गेला. त्याचे नाव इतिहासात राहिले. त्याला तिथवर नेणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पुढच्या वर्षी, इ.स.पू. ४७९ मध्ये, प्लाटिआची निर्णायक लढाई झाली. मिलर यांचे कॉमिक याच लढाईच्या तोंडावर संपते. हिरोडोटसच्या म्हणण्यानुसार तिथे स्पार्टाचे ५००० नागरिक-सैनिक होते आणि प्रत्येकामागे सात हेलॉट, म्हणजे ३५,०००. प्राचीन लेखकांचे आकडे फुगवलेले असतात, असे आजचे अभ्यासक मानतात. आकडा निम्मा केला, तरी हेलॉट स्पार्टनांच्या तिपटीहून अधिक भरतात. लढाईनंतर स्पार्टनांनी आपल्या मृतांसाठी ज्या कबरी बांधल्या, त्यांतली एक हेलॉटांची होती, असेही हिरोडोटस लिहितो.

हेलॉट कोण होते?

स्पार्टाने लॅकोनिया आणि शेजारचा मेसिनिया हे प्रदेश ताब्यात घेतल्यावर तिथली जी माणसे जमिनीला बांधली गेली, ते हेलॉट. बाजारातून विकत आणलेल्या गुलामांपेक्षा त्यांची स्थिती वेगळी होती. ते कुटुंबासह गावात राहत आणि पिढ्यानपिढ्या तीच जमीन कसत. पिकाचा मोठा वाटा मात्र स्पार्टन मालकाला द्यावा लागे. तो निम्मा होता, असे एका प्राचीन स्पार्टन कवीच्या वर्णनात येते.

त्यांना धाकात ठेवण्याची व्यवस्थाही होती. स्पार्टाचे निवडून आलेले अधिकारी, म्हणजे एफोर, दरवर्षी हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, असे प्लुटार्क हा लेखक ॲरिस्टॉटलच्या हवाल्याने सांगतो. म्हणजे हेलॉटला मारले तर पाप लागू नये, याची कागदोपत्री सोय! ‘क्रिप्टिया’ या प्रथेत निवडक तरुणांना खंजीर देऊन रानात पाठवले जाई आणि ते रात्री हेलॉटांना गाठून मारत, असेही तो लिहितो.

सर्वांत अंगावर येणारी नोंद थ्युसिडिडीसची आहे. युद्धात मोठा पराक्रम गाजवला असे ज्यांना वाटते, अशा हेलॉटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू, असे स्पार्टाने जाहीर केले. सुमारे २००० जण निवडले गेले. डोक्यावर पुष्पमाला घालून ते मंदिरांना फेरी मारून आले. त्यानंतर थोड्याच काळात ते सगळे नाहीसे झाले. कोणाला कसे मारले, हे कोणालाच कळले नाही. मुक्ती मागायला सर्वांत आधी पुढे येईल, तोच उद्या बंड करील, असा त्यामागचा हिशेब होता.

मग स्पार्टन ‘पूर्णवेळ योद्धे’ कसे झाले?

‘३००’ चित्रपटात एक गाजलेला प्रसंग आहे. लिओनिडास मित्र-सैन्यातल्या लोकांना त्यांचा धंदा विचारतो. कोणी कुंभार निघतो, कोणी लोहार. मग तो आपल्या लोकांकडे वळतो, तर ते सगळेच्या सगळे सैनिक. प्रेक्षक टाळ्या वाजवतो. या प्रसंगाचे मूळ प्लुटार्कमध्ये सापडते, पण तिथे राजा लिओनिडास नाही, शंभरेक वर्षांनंतरचा अगेसिलाउस आहे.

टाळ्या वाजवण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. कुंभार आणि लोहार आपला धंदा सोडून लढायला आले होते. स्पार्टनाला सोडून यायला धंदाच नव्हता, कारण त्याची शेती हेलॉट करत होता. त्याचे दिवसभराचे युद्धप्रशिक्षण, त्याची शिस्त, त्याची ती कमावलेली शरीरयष्टी, हे सारे दुसऱ्याने पिकवलेल्या धान्यावर उभे होते. हेलॉटांना वगळले, की स्पार्टाचे हे वैशिष्ट्य चमत्कारासारखे दिसू लागते.

‘थ्री’ मालिकेत काय आहे?

ब्रिटिश लेखक किरॉन गिलन यांची ही मालिका इमेज कॉमिक्सने ऑक्टोबर २०१३ पासून प्रसिद्ध केली. चित्रे रायन केली यांची, रंग जॉर्डी बेलेअर यांचे. ती ‘३००’ला दिलेले उत्तर म्हणूनच ओळखली जाते आणि हे उत्तर तिच्या नावापासूनच सुरू होते.

काळ इ.स.पू. ३६४ चा, म्हणजे थर्मोपायलीनंतर शतकाहून अधिक काळाने. एक एफोर आपल्या लोकांसह हेलॉटांच्या घरी मुक्कामाला थांबतो. टर्पांडर नावाच्या हेलॉटच्या जिभेला हाड नाही. शब्दाने शब्द वाढतो आणि कत्तल होते. त्यातून क्लारोस, डामार आणि टर्पांडर असे तिघे निसटतात. डामार ही स्त्री आहे. हेलॉटांनी स्पार्टनांवर हात उचलला, ही गोष्ट राज्याला खपणारी नसते. राजा ३०० स्पार्टन घेऊन या तिघांच्या मागावर निघतो. तिघांना गाठायचे आहे ते मेसिनिया, जे नुकतेच स्पार्टाच्या तावडीतून सुटले आहे.

हा काळ निवडण्यामागे विचार आहे. इ.स.पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत थीब्जने स्पार्टाचा कणा मोडला. पुढच्या दीड-दोन वर्षांत थीब्जचा सेनानी एपामिनोंडास याने मेसिनिया मुक्त केला. थर्मोपायलीच्या काळात स्पार्टात सुमारे ८००० लढवय्ये नागरिक होते, असे हिरोडोटसमध्ये येते. नंतर ही संख्या हजाराच्याही खाली गेली, असे ॲरिस्टॉटल लिहितो. अशा राज्याने तिघांना पकडायला ३०० स्पार्टन पाठवणे, म्हणजे जवळपास एकतृतीयांश ताकद पणाला लावणे होय. मिलर यांच्या पानांवर ३०० हा आकडा धैर्याचा आहे. गिलन यांच्या पानांवर तोच आकडा भीती दाखवतो. ज्यांच्या जिवावर राज्य चालले, ते उलटले तर काय, ही ती भीती. कथेचा शेवट इथे सांगणे बरे नाही.

मग ‘थ्री’ तरी शंभर टक्के खरी का?

नाही. ते तिघेही काल्पनिक आहेत. शिवाय स्पार्टाबद्दल जे लिहिले गेले, ते बहुतांशी बाहेरच्यांनी लिहिले. कोणाला स्पार्टाचे कौतुक होते, कोणाला तिटकारा. या अडचणीला अभ्यासक ‘स्पार्टाचे मृगजळ’ म्हणतात. फ्रेंच अभ्यासक फ्रान्स्वा ओलिए यांनी १९३३ मध्ये हा शब्द रूढ केला. क्रिप्टिया नेमकी कशी चालत असे, हेलॉट आणि स्पार्टन यांचे रोजचे संबंध कसे होते, यावर आजही वाद आहेत.

फरक आहे तो पद्धतीत. गिलन यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठातले स्पार्टाचे अभ्यासक प्रा. स्टीफन हॉडकिन्सन यांना ऐतिहासिक सल्लागार म्हणून सोबत घेतले. पुस्तकरूपात दोघांची चर्चाही छापली. कुठे पुरावा आहे, कुठे अंदाज आणि कुठे कथेसाठी घेतलेली मोकळीक, हे वाचकाला त्यातून तपासता येते.

‘कॉमिकच तर आहे’ हा बचाव पुरेसा आहे?

‘३००’च्या बाजूने एक चांगला युक्तिवाद केला जातो. गोष्ट सांगणारा डिलिओस हा स्वतः स्पार्टन सैनिक आहे आणि लढाईआधी तो सोबत्यांना चेव आणतो आहे. तो आपल्या लोकांचे गोडवेच गाणार आणि शत्रूला राक्षसच ठरवणार. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. झर्क्सिस अंगभर साखळ्या आणि कड्या टोचलेला अवाढव्य प्राणी का दिसतो, याचा खुलासा त्यातून होतो. पर्सेपोलिसच्या शिल्पांत पर्शियाचे सम्राट दाढी राखलेले आणि पायघोळ वस्त्रांतले दिसतात.

पण कथनाची ही खुबी किती जणांपर्यंत पोहोचते? मोबाइलवर गोष्ट येते ती तीस सेकंदांच्या तुकड्यात. त्यात डिलिओस नसतो, फक्त ढाली आणि आरोळ्या असतात. तेवढ्या तुकड्यावरून स्पार्टाचे शिरस्त्राण जगभर जिमच्या भिंतींवर आणि टी-शर्टवर पोहोचले. अमेरिकेत बंदूक बाळगण्याच्या हक्कासाठी लढणारे गट लिओनिडासच्या तोंडी घातलेली ग्रीक घोषणा वापरतात. लोकसंख्येच्या मोठ्या भागाला जमिनीला जखडून ठेवणारे राज्य स्वातंत्र्याचे चिन्ह झाले. याचा दोष एकट्या कॉमिकला देता येणार नाही, पण त्याचा हातभार नक्कीच आहे.

शिवाय पुराव्याला धरून राहिले तर कॉमिक कंटाळवाणे होते, हेही खरे नाही. ‘३००’ आले त्याच वर्षी, १९९८ मध्ये, एरिक शॅनोवर यांची ट्रॉयच्या युद्धावरची ‘एज ऑफ ब्रॉन्झ’ ही मालिका सुरू झाली. त्यांनी देवांना प्रत्यक्ष पात्रे म्हणून आणले नाही आणि वाडे, वस्त्रे, शस्त्रे उत्खननातल्या पुराव्यांवर बेतली. त्या कामासाठीही आयस्नर पुरस्कार मिळाले.

पावनखिंडीशी तुलना करताना काय पाहावे?

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. बाजीप्रभू देशपांडे यांनी १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत दिलेल्या झुंजीला अनेकदा ‘महाराष्ट्राची थर्मोपायली’ म्हटले जाते. चिंचोळी खिंड, मोजके मावळे आणि मागे न हटणारा सेनानी, एवढे साम्य आहेच. पण त्याच रात्रीच्या आपल्या कथेत शिवा काशिद आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला आणि जीव गमावलेला हा नाभिक समाजातला तरुण लोकस्मृतीने नावानिशी जपला. पन्हाळ्यावर त्याचे स्मारक आहे. युरिटसला रणात नेणाऱ्या हेलॉटच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तुलना करायचीच तर हा फरकही सांगायला हवा.

‘३००’ वाचू नये, असे कोणी म्हणणार नाही. चित्रांसाठी ते वाचावेच. पण त्यानंतर ‘थ्री’ हाती घ्यावे आणि मग पुन्हा ‘३००’ उघडावे. प्लाटिआच्या त्या शेवटच्या पानांवर प्रत्येक लाल झग्यामागे सात माणसे उभी होती, हे माहीत असताना ते चित्र पहिल्यासारखे दिसत नाही.