अनामत जप्त

निवडणुकीत उमेदवाराची अनामत रक्कम जप्त व्हायची, तर त्याला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं पडता कामा नयेत. म्हणजे तिथेही थोडी मेहनत आहेच. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला भिंतीतला एक खिळा पुरतो.

पुण्यात एका ब्लॉकमध्ये आम्ही चार वर्षं राहिलो. कराराच्या भाषेत मी भाडेकरूसुद्धा नव्हतो; 'लायसेन्सी' होतो. दर अकरा महिन्यांनी नवा करार. प्रत्येक करारागणिक घर म्हातारं होत गेलं आणि भाडं तरुण. जागा सोडायच्या आदल्या दिवशी सौ.ने फरशी तीनदा पुसली, मोरी घासली, खिडक्यांचे गज फडक्याने लखलखीत केले. "घाण टाकून गेले असं कुणी म्हणायला नको," हा तिचा बाणा.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ६०,००० च्या अनामतीपैकी ४१,३०० चा चेक माझ्या हातात ठेवला. सोबत चिठ्ठी : रंगकाम १४,०००, साफसफाई ३,५००, किरकोळ १,२००. सौ.ने ती वाचली आणि नुसती आपल्या हातांकडे पाहत राहिली. नव्या घराची अनामत आधी भरावी लागते आणि जुनी नंतर मिळते, म्हणून मी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. त्याचे हप्ते आता मालकांच्या 'किरकोळ'सकट मला फेडायचे होते.

"काका," मी म्हटलं, "आमच्या चिरंजीवांनी एका भिंतीवर हत्ती काढलाय, कबूल. त्या भिंतीचे घ्या. सगळ्या घराचे का?"

"अहो, तुम्ही आलात तेव्हा रंग कोरा होता!"

"त्याला चार वर्षं झाली. रंगाचं आयुष्य पाच वर्षं धरा. वर्षाला एक पंचमांश घसारा. उरले अठ्ठावीसशे."

"घसारा तुमच्या बँकेत. आमच्यात नसतो."

भांडण आहे ते इथेच. माणसं घरात राहिली की घर झिजतं. त्या झिजेचीच किंमत म्हणजे भाडं. ती दरमहा घ्यायची आणि जाताना पुन्हा घ्यायची, याला आमच्या लेजरमध्ये एकच रक्कम दोनदा नावे टाकणं म्हणतात. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेसुद्धा भाडेपट्ट्याची जागा परत करताना वाजवी झीज माफ केली आहे. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेला आदर्श भाडेकरू कायदा तर राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती ठेवा म्हणतो आणि करारात वेगळं ठरलं नसेल तर भिंतींची सफेदी मालकाकडे देतो. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी आमच्याकडे. बरोबरच आहे! पण आदर्शच तो. राज्याने स्वीकारला तरच लागू.

आणि गंमत पाहा. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातले ३० टक्के आयकर खातं मालकाला सरसकट सोडून देतं, त्याने दुरुस्तीवर दमडी खर्च केलेली नसली तरी! म्हणजे रंगाची सूट सरकारकडून आणि रंगाचे पैसे माझ्याकडून.

अनामत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. तुम्ही बँकेत लाखाची ठेव ठेवलीत आणि मुदत संपल्यावर मी काउंटर पुसल्याचे साडेतीन हजार कापून घेतले, तर तुम्ही मला त्याच काउंटरवरून बाहेर ओढाल. मालकाला मात्र आपण "बरं, येतो" म्हणतो. मीही म्हटलं.

तीन महिन्यांनी जुन्या पत्त्यावर आलेलं एक पाकीट आणायला गेलो. नव्या बिऱ्हाडकरूंनी दार उघडलं. समोरच्या भिंतीवर आमचा हत्ती जसाच्या तसा! फक्त त्यांच्या मुलीने त्याच्या पाठीवर अंबारी चढवली होती.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं.

"चहा नंतर," मी म्हटलं. "आधी या हत्तीचा तारखेसकट फोटो काढा. मग घरभर फिरून खिळ्यांची यादी करा आणि तिच्यावर मालकांची सही घ्या. चौदा हजारांचा हत्ती आहे हा. अंबारीचे वेगळे लागतील."