आधी जागा, मग वेळेवर हप्ता : गडमुडशिंगीतील घरकुल अर्जदारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण
मा. गट विकास अधिकारी, पंचायत समिती, करवीर

विषय : गडमुडशिंगी (ता. करवीर) येथील बेघर, जागाहीन व कच्च्या घरांतील कुटुंबांना घरकुलासाठी जागा, पुरेसे अनुदान व वेळेवर हप्ते मिळण्याबाबत.

महोदय,

गडमुडशिंगीत घरकुलासाठी अर्ज केलेली, मंजुरी मिळालेली आणि यादीबाहेर राहिलेली आम्ही कुटुंबे एकत्र येऊन हे मागणीपत्र देत आहोत. आमच्यात शेतमजूर आहेत, गवंडी आणि सेंट्रिंग कामगार आहेत, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जाणारी पोरे आहेत, कोल्हापुरात घरकाम करणाऱ्या बायका आहेत. दुसऱ्यांची घरे बांधण्यात आणि सांभाळण्यात आमचा दिवस जातो. स्वतःच्या घरासाठी आम्ही शासनाकडे येतो ते दया मागायला नव्हे. शासनानेच जाहीर केलेली योजना आमच्या उंबऱ्यापर्यंत पोचावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इंदिरा आवास योजनेच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना - ग्रामीण 2016 मध्ये आली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने ती 2028-29 पर्यंत वाढवून देशात आणखी 2 कोटी घरांना मान्यता दिली. 22 फेब्रुवारी 2025 रोजी पुण्यात बालेवाडी येथे राज्यातील 20 लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्याचा मोठा कार्यक्रम झाला. या निर्णयांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण मंजुरीपत्र म्हणजे घर नव्हे. पत्र मिळाल्यावर जागेचा उतारा लागतो, मग जोते, मग हप्ता, मग स्लॅब. यातली एक कडी निसटली की सगळे अडते. आमच्या गावात सर्वांत आधी निसटते ती जागेची कडी. म्हणून पहिली मागणी जागेचीच आहे.

मागणी 1 : ज्याला जागा नाही, त्याला आधी जागा द्या

गडमुडशिंगी आता शहराच्या दारात आले आहे. एका बाजूला उजळाईवाडीचे विमानतळ, दुसऱ्या बाजूला उचगाव आणि गांधीनगरची बाजारपेठ. विमानतळाच्या विस्तारासाठी गावातील 64 एकर जमिनीच्या संपादनाची प्रक्रिया झाली. शहर वाढावे, विमाने उतरावीत, याला आमचा विरोध नाही. पण या वाढीबरोबर गुंठ्याचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला, हेही तितकेच खरे.

पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी 50 हजार रुपये मिळत, आता 1 लाख मिळतात. वाढ झाली, ती चांगलीच झाली. तरी हिशेब केला तर हा दर चौरस फुटाला 200 रुपये पडतो. शहरालगतच्या गावात रस्त्याला लागून असलेली जागा या दराने कोण विकेल? शिवाय अर्ध्या गुंठ्याची खरेदी करायला गेले की जमिनीचे लहान तुकडे विकू न देणारा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. घरकुलासाठी 1,000 चौरस फुटांपर्यंतच्या खरेदीला शासनाने 2024 मध्ये नियमदुरुस्ती करून वाट मोकळी केली आहे, पण तिची माहिती लाभार्थ्याला कोणी देत नाही.

म्हणून आमची मागणी :

अ) जागाहीन लाभार्थ्यांसाठी गावात किंवा लगत शासकीय जमीन निश्चित करून तिथे रस्ता, पाणी व गटारीसह वसाहत करावी. जमीन नसेल तर लाभार्थ्यांच्या गटासाठी एकत्रित खासगी जमीन घ्यावी.

आ) जागा खरेदीचे अर्थसहाय्य नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणातील आमच्यासारख्या गावांसाठी त्या वर्षीच्या रेडीरेकनर दराशी जोडावे.

इ) घरकुलाच्या जागेची मोजणी, खरेदीची परवानगी आणि नोंद यांसाठी महसूल विभागाने महिन्यातून एक दिवस गावच्या चावडीत शिबिर घ्यावे.

मागणी 2 : गायरानावरील जुन्या घरांचा निर्णय करा

गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना घरपट्टी भरूनही घरकुल मिळत नाही, कारण जागा त्यांच्या नावावर नाही. 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानातील अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या, तेव्हा जिल्हाभर लोक रस्त्यावर आले. गायराने वाचली पाहिजेत, हे आम्हालाही मान्य आहे. गुरांचे चरणे आणि गावाची मोकळी जागा गेली तर त्याचा फटका गरिबालाच बसतो.

पण ज्या जगपाल सिंग निकालाचा (2011) आधार या कारवाईला दिला जातो, त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेले पट्टे यांसारख्या अपवादात्मक बाबींना जागा ठेवली आहे. राज्य शासनाचेही 1 जानेवारी 2011 पूर्वीच्या निवासी अतिक्रमणांबाबत धोरण आहे. धनदांडग्याचे गोदाम आणि मजुराची दोन खणांची खोली एकाच यादीत घालू नये. प्रत्येक कुटुंबाची सुनावणी घेऊन, कायद्यात बसेल तिथे नियमित करावे. बसत नसेल तिथे पर्यायी जागा हातात दिल्याशिवाय घराला हात लावू नये.

मागणी 3 : ग्रामीण की शहरी, हे लेखी सांगा

कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण 2017 मध्ये 42 गावांसाठी स्थापन झाले. गडमुडशिंगी त्यात आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, नियोजन प्राधिकरणाचे, अशी आमची स्थिती. प्रधानमंत्री आवास योजना - शहरीने विकास प्राधिकरणांच्या क्षेत्रातील गावेही आपल्या कक्षेत घेतली आहेत. त्या योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्याचे मिळून अडीच लाख रुपये मिळतात. एका कुटुंबाने दोन्हीकडून लाभ घेऊ नये, हे रास्तच आहे. पण यातला पर्याय निवडण्याचा हक्क कुटुंबाला आहे की नाही, अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, हे कोणीतरी एकाने सही करून सांगितले पाहिजे.

जिल्हा परिषद आणि प्राधिकरण यांनी संयुक्त पत्र काढून ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. घरकुलाच्या आकाराच्या घरांसाठी प्राधिकरणाने तयार प्रमाण नकाशे विनाशुल्क द्यावेत. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांसाठी शहरी योजनेतील परवडणाऱ्या भाडेघरांचा प्रस्ताव प्राधिकरणाने तयार करावा.

मागणी 4 : अनुदान आजच्या बाजारभावाला धरून द्या

प्रधानमंत्री आवास योजना - ग्रामीणचे मूळ अनुदान सपाट भागासाठी 1 लाख 20 हजार रुपये. 2016 मध्ये ठरलेला हा आकडा पुढची कितीतरी वर्षे हलला नाही. राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार सौर ऊर्जेसाठी. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, म्हणजे 2025-26 च्या 312 रुपये दराने 28,080 रुपये. शौचालयाचे 12 हजार. सगळे मिळून सुमारे 2 लाख 10 हजार.

आता घर पाहू. किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, स्वयंपाकाच्या ओट्यासकट. सौर ऊर्जा, शौचालय आणि मजुरी वेगळी काढली तर पाया, भिंती, स्लॅब, दारे-खिडक्या, गिलावा या सगळ्यासाठी 1 लाख 55 हजार उरतात. चौरस फुटाला 576 रुपये. सिमेंट, सळी, खडी आणि क्रशसँड घेऊन या दरात स्लॅबचे घर उभे करणारा ठेकेदार करवीर तालुक्यात शोधून सापडणार नाही. उरलेली रक्कम कुटुंब कुठून आणते? बचत गटाचे कर्ज, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, मंगळसूत्र गहाण. घर उभे राहते आणि त्याच्या पायात कर्ज असते.

संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीनेही ही रक्कम वाढवण्याची शिफारस वारंवार केली आहे. अनुदान दरवर्षी जिल्हा दरसूचीला जोडून वाढवावे, असा प्रस्ताव जिल्ह्याने शासनाकडे पाठवावा. राज्याच्या 2025 च्या वाळू धोरणात घरकुलासाठी 5 ब्रास वाळू मोफत देण्याचे ठरले आहे. जिथे नदीची वाळू मिळत नाही, तिथे तेवढीच कृत्रिम वाळू किंवा तिची किंमत द्यावी.

मागणी 5 : हप्ता कामाच्या मागे नको, कामाबरोबर यावा

घरकुल मंजूर झाले की लोक जुनी कौले उतरवतात, भिंती पाडतात आणि त्याच जागेवर पाया खणतात. दुसरी जागाच नसते. पहिला हप्ता 15 हजारांचा, तो पायाच्या दगडात संपतो. जोते झाले की अभियंत्याने येऊन फोटो काढायचा, तो ऑनलाइन चढवायचा, मग पुढची रक्कम. हा फोटो लांबला की कुटुंब पत्र्याच्या शेडमध्ये अडकते. जूनमध्ये आडवा पाऊस सुरू झाला की शेडच्या एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पोरांची पुस्तके आणि बाहेर पाण्याने भरलेला पाया.

योजनेच्या नियमांप्रमाणे घर मंजुरीपासून 12 महिन्यांत पूर्ण करायचे असते. ही मुदत लाभार्थ्याला आहे, तर ती यंत्रणेलाही हवी.

अ) टप्पा पूर्ण झाल्याचे कळवल्यापासून 7 दिवसांत पाहणी व फोटो, आणि पुढील 15 दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हावी. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित करावी.

आ) पावसाळ्यापूर्वी जोते झालेल्या सर्व घरांचे हप्ते मे अखेरपर्यंत द्यावेत.

इ) बांधकामाच्या काळात कुटुंबाला घरभाडे साहाय्य द्यावे. 2019 च्या महापुरानंतर घर पडलेल्या कुटुंबांना ग्रामीण भागात 24 हजार व शहरी भागात 36 हजार रुपये घरभाडे देण्याचा निर्णय शासनाने घेतला होता. शासनाच्या सांगण्यावरून जुने घर पाडणाऱ्या कुटुंबालाही तोच न्याय लावावा.

ई) घरकुलाची रक्कम पीककर्ज किंवा इतर थकबाकीत वळती करू नये, असे आदेश अग्रणी बँकेमार्फत सर्व शाखांना द्यावेत.

मागणी 6 : यादी चावडीवर लावा, नकाराचे कारण लेखी द्या

2024 मध्ये निकष सैल झाले. दुचाकी किंवा फ्रीज असल्यामुळे आता कोणी अपात्र ठरत नाही, आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजार झाली. तरीही जुन्या कारणाने वगळल्याचे लोकांना तोंडी सांगितले जाते. तोंडी उत्तरावर अपील करता येत नाही. घरकुलासाठीच्या आवास प्लस सर्वेक्षणाची यादी, क्रमांक आणि वगळण्याचे कारण यांसह ग्रामसभेत वाचावी आणि फलकावर लावावी. एकल महिला, अपंग आणि ज्यांचे ठसे किंवा चेहरा सर्वेक्षणाच्या ॲपवर जुळत नाही अशा वृद्धांची पडताळणी घरी जाऊन करावी. रमाई, शबरी, मोदी आवास आणि यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या योजनांतून कोण पात्र ठरते, हे एकाच अर्जावर तपासावे. गरिबाला चार टेबलांवर चार वेळा तीच कागदपत्रे मागू नयेत.

आमची जबाबदारी

आम्हीही शब्द देतो. हप्त्याचा पैसा घराव्यतिरिक्त कुठेही खर्च करणार नाही. मुदतीत बांधकाम करू. ज्याचे पक्के घर आहे त्याने यादीत नाव घातले तर ग्रामसभेत आम्हीच हरकत घेऊ. काम करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या कोणत्याही मध्यस्थाला एक रुपया देणार नाही आणि असा कोणी आढळल्यास लेखी तक्रार करू. आमच्यातले गवंडी विधवा व अपंग लाभार्थ्यांच्या घरांसाठी श्रमदान करतील.

या मागणीपत्रावर 30 दिवसांच्या आत चारही कार्यालयांची आमच्या प्रतिनिधींसह संयुक्त बैठक गडमुडशिंगीतच घ्यावी आणि प्रत्येक मागणीवर हो, नाही किंवा किती दिवसांत, असे लेखी उत्तर द्यावे. उत्तर आले नाही तर विशेष ग्रामसभेत ठराव करून आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयासमोर शांततेने धरणे धरू.

गावातल्या ज्या कुटुंबांनी अजून अर्ज केलेला नाही किंवा नाव वगळले म्हणून आशा सोडली आहे, त्यांनी आधार, शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि घरपट्टीची पावती घेऊन येत्या ग्रामसभेला यावे. एकट्याचा अर्ज फायलीत राहू शकतो, सगळ्या गावाचा राहणार नाही.

आपले,
गडमुडशिंगीतील घरकुल अर्जदार व लाभार्थी कुटुंबे